राखून ठेवलेली क्लचप्लेट

दर रविवारी फोनवर तुमचा बाबा एकदा तरी म्हणतोच, "आई, ती गाडी आता काढून टाक." मी "बघू" म्हणते आणि विषय बदलते. तुम्ही दोघं त्याच्या मागे सोफ्यावर बसून हे ऐकत असता. थोरली गालात हसते, धाकटा मान वर न करता मोबाइल बघत राहतो. म्हणून ठरवलं, की ही जुनी गाडी मी का घेतली आणि इतकी वर्षं का सांभाळली, ते एकदा नीट लिहून ठेवावं. शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलींना सांगत असे, आधी कारण लिहा, मग हकिकत. तर आधी कारण.

तुम्ही नाशिकला आमच्याकडे राहत होतात, तेव्हा आजोबांची एक लहानशी पांढरी गाडी होती. थोरलीला बालवाडीत सोडायला मी तीच नेत असे. तू पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसायचीस. आज लहान मुलाला असं पुढे कुणी बसवणार नाही, तेव्हा बसवत. मी गियरवर हात ठेवला की तू तुझा तळवा माझ्या हातावर ठेवायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "दुसरा." मग "तिसरा." चौथ्यापर्यंत आपली मजल क्वचितच जायची, कारण तेवढ्यात कॉलेज रोडचा सिग्नल यायचा. धाकटा तेव्हा नुकता चालायला लागला होता. तो मागे आजोबांच्या मांडीवर असे. त्याला गाडीतले फक्त वायपर आवडायचे. लख्ख उन्हातसुद्धा ते लावावे लागायचे, आणि शेजारून जाणारे लोक माझ्याकडे बघायचे.

मग तुम्ही परदेशात गेलात.

थोरली दहा-अकरा वर्षांची असताना एकदा फोनवर म्हणाली, "आजी, आमच्या गाडीत पण ती काठी आहे, पण ती नुसती पुढेमागे होते. दुसरा, तिसरा काहीच नाही. बाबा म्हणतो, आता ते कुणी शिकत नाही."

"खरंच आहे त्याचं."

"पण मला शिकायचंय. तू शिकवशील?"

"अठरा वर्षांची हो, मग शिकवते."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

मुलं अशी बोलतात आणि विसरतात. तू विसरलीसही असशील. मी मात्र त्या दिवसापासून ते धरून बसले. तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. मराठी तुला तुझी आई शिकवत होती, इंग्रजी तू माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागली होतीस, स्वयंपाक मला स्वतःलाच धड येत नाही. हे एक होतं, की जे तिकडे तुला कुणी शिकवणार नव्हतं.

पण तेव्हा घरात गाडीच नव्हती. आजोबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी ती विकली, आणि पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी रिक्षाने फिरत होते. बँक, वाचनालय, भाजी, गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई, असा माझा रोजचा फेरा. तुमच्या बाबाने सुचवलं, "आई, नवी ऑटोमॅटिक घे. क्लच नाही, गियर नाही. तुझ्या डाव्या गुडघ्याला आराम." डाव्या गुडघ्याचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हणाले, "मला जुनीच हवी, आजोबांची होती तशी." त्याला वाटलं, मला आजोबांची आठवण हवी आहे. मी त्याला तसं वाटू दिलं.

खरं तर दोन्ही होतं. त्या जातीची गाडी आता कारखान्यात निघत नाही, पण तिचं बॉनेट कुठे संपतं ते सीटवर बसल्या बसल्या दिसतं. स्क्रीन नाही, सूचना देणारा आवाज नाही. आणि गियर आहेत.

आजोबांची गाडी बघणारा मेकॅनिक अजून होता. द्वारका चौकाच्या अलीकडे त्याचं गॅरेज आहे. माणूस बोलका, आणि कुठल्याही गाडीबद्दल त्याचं मत वाईटच. त्याने चार-पाच गाड्या दाखवल्या आणि प्रत्येक वेळी दाखवून झाल्यावर म्हणाला, "घेऊ नका." शेवटी कुणाकडून तरी कळलं, की सायखेड्याला एका शेतकऱ्याची तशीच गाडी विकायची आहे, त्यांच्या मुलाने मोठी घेतली म्हणून. एका गिऱ्हाइकाची दुरुस्त झालेली गाडी 'जरा फिरवून बघायला' म्हणून त्याने बाहेर काढली आणि आम्ही निघालो.

"मॅडम, सायखेडा म्हणजे गोदावरीकाठ," तो वाटेत म्हणाला. "पुरात बसलेली गाडी गळ्यात मारतील. नुसती धुऊन पुसून."

"ते कसं ओळखायचं?"

"बघा तुम्ही आता गंमत."

गाडी शेडमध्ये होती. एका बाजूला कांद्याची रिकामी पोती, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे क्रेट, मध्ये ती. पांढरी नाही, फिकट निळी. मेकॅनिकने दार उघडून सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढला आणि आतल्या भागावर चिखलाची रेघ आहे का ते बघितलं. नव्हती. मग गालिचा उचलून नाक घातलं. शेतकरी दादा कमरेवर हात ठेवून बघत होते.

"काय वास घेतो रे बाबा? आत काय शिजाया टाकलंय का?"

"पुराचं पाणी बघतोय."

"पूर आला व्हता तवा हिला पहिली वर नेली, सोसायटीच्या गोडाऊनला. आम्ही मागून गेलो. हिच्यावर पाण्याचा थेंब नाय."

मेकॅनिकला दोष सापडेना, त्यामुळे तो जरा नाराज झाला. मी चालवून बघितली. क्लचवर पाय ठेवला आणि गाडी हलली त्या क्षणी माझ्या डाव्या पायाला सगळं आठवलं. मी लगेच हो म्हणाले. मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "असं लगेच हो म्हणायचं नसतं." पण मी म्हणून बसले होते.

कागद झाले. दादांच्या पत्नी, माझ्याच वयाच्या, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग किल्ल्या द्यायची वेळ आली, आणि दादांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात घातला.

मेकॅनिक ताडकन म्हणाला, "अहो, किल्ल्या? दोन्ही पाहिजेत. एक ठेवून घेतली असं चालणार नाही."

"ठेवत नाय."

"मग खिशात काय घातलं?"

"तुमचं व्हऊ द्या, देतो."

"आमचं झालंय. किल्ल्या द्या."

आवाज चढायला लागले. तुमच्या बाबाने मला निक्षून सांगितलं होतं, जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मोजून घे, नाहीतर मागाहून चोरी होते. मीही हात पुढे करून उभी राहिले. तेव्हा त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, सांगा की त्यांला सरळ. शहरातले हायेत, त्यांला काय ठाव." आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, आमच्यात जनावर इकलं का दावं देत नाय. दावं घरी ठेवायचं. ते गेलं का गोठा उघडा पडतो."

"ही काय जनावर आहे का?" मेकॅनिक म्हणाला.

"घरची हाय," त्या म्हणाल्या.

दादांनी खिशातून जुडगा काढला. किल्ल्या एका लाल लोकरीच्या गोंड्याला बांधलेल्या होत्या, बैलांच्या शिंगांना असतो तसा गोंडा, हातात धरून धरून काळा पडलेला. त्यांनी नखाने गाठ सोडवायला घेतली. गाठ जुनी होती, सुटेना. त्यांनी दाताने सोडवली. मोकळ्या दोन किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि गोंडा बायकोकडे दिला. बाईंनी तो पदराच्या टोकात बांधला.

येताना मी नवी गाडी चालवत होते, म्हणजे माझ्यासाठी नवी, आणि मेकॅनिक दुसरी गाडी घेऊन मागे होता. चांदोरीच्या पुढे मला गाडी कडेला घ्यावी लागली. तो धावत आला.

"बंद पडली?"

"नाही. मलाच जरा थांबायचं होतं."

"मग इंडिकेटर तरी द्यायचा, मॅडम. मी मागून धडकलो असतो."

मला काय आठवलं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगते. तुम्ही जायच्या आधी सगळं सामान मी भरलं होतं. मला ते चांगलं जमतं. मोज्यांची पिशवी वेगळी, रंगांची वेगळी, औषधांची वेगळी. धाकट्याचा वरणभाताचा चमचा मीच आठवणीने घातला, कारण दुसऱ्या चमच्याने तो जेवत नसे. थोरलीची कापडी बाहुली, पाण्याची बाटली, भिंतीवर चिकटवलेली चित्रं, सगळं. काहीही मागे राहायला नको म्हणून मी खोल्यांतून दोनदा फिरले. तुम्हाला विमानतळावर सोडून आम्ही घरी आलो, तेव्हा आजोबा दिवाणाखाली वाकून बघायला लागले. मग कपाटामागे. मी विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही. एखादा चेंडूबिंडू."

चेंडूही मी भरला होता. तुम्हाला मी दाव्यासकट पाठवलं होतं.

त्यानंतर ती निळी गाडी माझी रोजची गाडी झाली. जुनी गाडी रोज चालवणं म्हणजे काय, ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळत नाही. सकाळी चहा झाला की मी खाली जाऊन आधी गाडीखालचा पुठ्ठा बघते. रात्रीतून तेलाचा डाग वाढला का, ते त्यावर कळतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरते, ती गरम पाण्याने धुते. रेडिएटरचं पाणी बघते, पण इंजिन गार असतानाच. थंडीत, नाशिकच्या थंडीत, ती पहिल्या किल्लीला उठत नाही. थांबायचं, दिवे बंद आहेत ना बघायचं, मग दुसरी किल्ली. पाऊस असला की मागच्या डाव्या दारातून पाणी येतं, तिथे मी जुना टॉवेल ठेवते. त्याच दाराच्या काचेचं हँडल तुटलं, ते नवं मिळेना. भंगारातून एक आणलं, ते काळं आहे, बाकीची करडी. मागच्या सीटवर कुणी बसत नाही, तेव्हा ते कुणाला दिसत नाही.

महिन्यातून एकदा तरी गॅरेजला जावं लागतं.

"आज काय म्हणते?" मेकॅनिक विचारतो.

"डावीकडे वळताना कुरकुर करते."

"ह्या वयात करणारच."

"कुणाच्या वयात?"

"गाडीच्या, मॅडम. गाडीच्या."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाट बघते. तो बॉनेटखालून बोलत राहतो. मला ते वाट बघणं आवडायला लागलं होतं. काहीतरी बिघडतं, कुणीतरी ते उघडून बघतं, दुरुस्त होतं, आणि आपण परत घरी येतो. घरी गाडी लावली की मी आरशातून एकदा मागच्या सीटवर नजर टाकते. पार्किंगसाठी टाकायलाच लागते म्हणा.

अशी काही वर्षं गेली. तू अठरा वर्षांची झालीस, आणि त्याच वर्षी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली. पुन्हा चालवायची तर आरटीओची तपासणी करून मुदत वाढवून घ्यायची, नाहीतर भंगारात. तुमचा बाबा म्हणाला, "झालं ना आता? देऊन टाक." त्याच फोनवर तू मागून ओरडलीस, "आजी, मी डिसेंबरमध्ये येतेय." बाबाच्या आणि तुझ्या बोलण्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिकडे कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजला गेले. मेकॅनिकने गाडी वर चढवून खालून टॉर्च मारला आणि जिभेने च्यक केलं.

"पत्रा सडलाय. सायलेन्सर गेलाय. हँडब्रेक नावाला आहे. आणि क्लचप्लेट संपत आलीय. मॅडम, मनापासून सांगतो, सोडा हिला आता. मी नवी बघून देतो."

"नको. सगळं करा. क्लचप्लेटसुद्धा नवी घाला."

"कशासाठी एवढं?"

तोवर मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. नात येणार आहे, तिला गियरची गाडी शिकवायची आहे, एवढंच. तो हात पुसत खालून बाहेर आला.

"मग हे आधी का नाही सांगितलं? पत्रा मारतो, सायलेन्सर घालतो, पासिंगचं सगळं करतो. पण क्लचप्लेट नवी घालायची नाही."

"का?"

"शिकणारा माणूस पहिल्यांदा काय खातो? क्लचप्लेट. नवी घातली तर तिची हौस फिटेतो ती जाळून ठेवेल. जुनीच द्या तिच्या हवाली. जाळू द्या मनसोक्त. ती गेली की नवी घालतो."

"आणि तोवर टिकली नाही तर?"

"ते तुमच्या पायावर आहे. घाट नको, चढावर थांबवू नका, सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं नाही. वाचवून वापरा."

मला ते पटलं. त्या दिवसापासून मी क्लचप्लेट वाचवायला लागले. द्वारकेच्या चौकातून जाणं बंद केलं, कारण तिथे इंच इंच पुढे सरकावं लागतं. कुंभमेळ्याच्या कामांसाठी जिथे रस्ते खोदले होते, तिकडची कामं रिक्षाने केली. भाजीला चालत गेले. वाचनालय सपाट रस्त्यावर आहे, तेवढं गाडीने. रोजची गाडी होती, ती हळूहळू दिवसाआडची झाली. माणसं दागिने राखून ठेवतात, रेशमी साड्या राखून ठेवतात. मी झिजलेली क्लचप्लेट राखत होते.

आरटीओच्या मैदानात तपासणी झाली. चासीचा नंबर कागदावर उतरवायला त्यावर पेन्सिल घासतात, आपण लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. मेकॅनिकने तो छाप काढला, अधिकाऱ्यांनी जुळवून बघितला, दिवे लावायला सांगितले, ब्रेक बघितला. माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, ही चालवतं कोण?"

"मी."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघितलं. पाच वर्षं वाढवून मिळाली.

डिसेंबरमध्ये तू आली नाहीस. परीक्षेनंतर कुठेतरी काम मिळालं होतं, ते सोडणं बरं नव्हतं. बरोबरच होतं. मी तोवर गाडी आतून बाहेरून धुऊन घेतली होती. मग मार्च म्हणालीस. मार्चमध्ये तिकीट जमलं नाही. मी आणखी थोडी चालत जायला लागले. क्लचचं पेडल आता पार वर आल्यावर गाडी हलायची. मला माहीत होतं, तिच्यात थोडंसंच उरलंय, आणि ते थोडंसं मी तुझ्यासाठी धरून ठेवलं होतं. रात्री झोपताना मी तुझ्या परीक्षेचा नाही, पेडलचा विचार करत असे.

मे महिन्यात तू आलीस. एकटी. धाकट्याचं शिबिर होतं. दारात तू उभी राहिलीस तेव्हा मला मान वर करावी लागली. याची कल्पना फोनवर येत नाही, फोनवर सगळे बसलेले असतात.

तुझ्याकडे इथला परवाना नाही, तेव्हा रस्त्यावर तुला गाडी देणं शक्य नव्हतं. मखमलाबादच्या पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरच्यांनी जमिनीचे प्लॉट पाडले आहेत. डांबरी रस्ते झाले आहेत, कडेला झाडं लावली आहेत, घर एकही नाही. तिथे मी परवानगी काढून ठेवली होती. सकाळी उन्हं चढायच्या आत आपण गेलो. तू चालकाच्या सीटवर बसलीस, गुडघे स्टिअरिंगला लागले, आणि तू सीट धाडकन शेवटपर्यंत मागे सरकवलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण धाकट्याला नाही, म्हणून लिहिते. गाडी उसळली आणि बंद पडली. पुन्हा उसळली, पुन्हा बंद.

"आजी, मी काय चुकतेय?"

"पाय पटकन उचलतेस."

"मग स्लो उचलू?"

"उचलायचाच नाही. सोडायचा."

"म्हणजे?"

आयुष्यभर शब्द शिकवले, आणि तेव्हा मला ना मराठीत सांगता येईना ना इंग्रजीत. आजोबांनी मला शिकवलं तेव्हा ते काय म्हणाले होते, तेही आठवेना. मग मी माझा तळहात तुझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "मी सांगेन तेव्हा थांब." तू पाय सोडायला लागलीस. गाडी थरथरली. "थांब. इथेच थांब. हे जाणवतंय?"

"हो."

"आता सोड."

आणि ती चालली. जळका वास येत होता, मला माहीत होतं तो कशाचा. मी काच खाली केली. तू रिकाम्या रस्त्यांवरून गोल गोल फिरत राहिलीस. पहिला, दुसरा, तिसरा. मोठ्याने काही म्हणत नव्हतीस, ओठ हलत होते. दोन सकाळी अशा गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तुला थांबायला सांगितलं, उतरले, आणि मागे जाऊन बसले.

"मागे का?"

"तू चालव."

मागच्या सीटवरून मला तुझी मान दिसत होती, केस वर बांधलेले, आणि आरशात डोळ्यांची एक पट्टी. आपल्या कुठल्याच गाडीत मी कधी मागे बसले नव्हते. तुम्ही दोघं होतात तेव्हा मी पुढे असे, आणि तुम्ही गेल्यावर बसायचं काही कारण नव्हतं. तू चौथा गियर टाकलास. त्या प्लॉटांवर चौथा टाकण्याएवढा रस्ता नव्हता.

परत येताना सीट पुढे घेऊन मी चालवत होते. घराजवळच्या चढाला इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. पाय सगळा सोडला तरी नुसता आवाज. तू उतरून धक्का मारलास, मोटारसायकलवरच्या एका मुलाने मागून पाय लावला, आणि आपण सोसायटीच्या फाटकातून आत आलो. जागेवर लावायला स्टिअरिंगला तू बसलीस, सीट पुन्हा शेवटपर्यंत मागे सरकवलीस, आणि त्या मुलाने गाडी ढकलली. तू हसत होतीस. मीही हसत होते.

मेकॅनिकने येऊन बघितलं. "वेळेवर गेली," तो म्हणाला. "पोरगी शिकली ना?"

"शिकली."

"मग झालं तर."

पण नवी क्लचप्लेट यायला वेळ लागला, आणि तुझं विमान त्याआधी होतं. मी मनात धरलं होतं, की मुंबईपर्यंत नाही तरी निदान नाशिकरोड स्टेशनपर्यंत मीच तुला सोडेन, वाटेत एखाद्या मोकळ्या जागी तू पुन्हा एकदा चालवशील. ते झालं नाही. बाबाने तिकडे बसून टॅक्सी मागवली. तिच्या ड्रायव्हरने तुझी बॅग ठेवली, तू मागच्या सीटवर बसलीस, काच वर होती, तुझा हात दिसला. बॅग तू स्वतःच भरली होतीस. वर येऊन मी बघितलं, तर बाथरूमच्या खिडकीत तुझी केस बांधायची रबरं राहिली होती. ती तिथेच आहेत.

चार-आठ दिवसांनी मेकॅनिक गाडी घेऊन आला. मी बसले तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. तो दारातून वाकून म्हणाला, "सीट पार मागे आहे, मॅडम. थांबा, पुढे घेतो."

"राहू द्या."

"अहो, क्लच दाबणार कसा? नवी प्लेट आहे, अर्धवट दाबलात तर पुन्हा जळेल."

"बघते मी."

मी वर जाऊन दिवाणावरची उशी आणली आणि पाठीमागे घातली. पाय पोचले. तो एवढंच म्हणाला, "धाकटा आला की सांगा. तेव्हा ही पण खाल्ली जाईल, म्हणून आता फार जपत बसू नका."

तेव्हापासून मी पुन्हा रोज गाडी नेते, द्वारकेच्या चौकातूनसुद्धा. क्लच हलका आहे, गुडघ्याला बरा. नोंदणी अजून काही वर्षं आहे. धाकट्या, तू मागे म्हणालास, की तुझ्या वेळेपर्यंत गाड्या आपोआप चालतील, मग शिकायचं कशाला. असेल तसंही. मी वाद घालत नाही. उशी वळणावर घसरते, ती एका हाताने धरून ठेवावी लागते, तेवढी एक अडचण आहे. सीट मी अजून पुढे घेतलेली नाही. ती थोरलीच्या पायांना बरोबर आहे. तुझे पाय आता कुठवर पोचतात, ते मला माहीत नाही.